आधी गोम्पा, मग खिंड : मराठवाड्यातून मार्खा खोऱ्याच्या पदभ्रमणाला जाताना

हिमालयातील उंचावरचे पदभ्रमण आणि बौद्ध गोम्पांचे, म्हणजे मठांचे, दर्शन एकाच प्रवासात साधायचे असेल, तर मराठवाड्यातून प्रथमच निघणाऱ्या माणसाला मी लडाखमधील मार्खा खोरे सुचवतो. या वाटेवर दोर किंवा बर्फातली कुऱ्हाड लागत नाही, बहुतेक मुक्कामांना गावकऱ्यांच्या घरात जागा मिळते, आणि शेवटची खिंड उतरल्यावर हेमिसचा प्रसिद्ध मठ मोटारीने अगदी जवळ येतो. मात्र आपल्याकडच्या अनेक सहलींत या दोन गोष्टींची मांडणी उलटी असते. लेहला उतरल्यावर घाईने चालायला सुरुवात करायची आणि परतीच्या आदल्या दिवशी, थकलेल्या अंगाने, मोटारीतून चार-पाच गोम्पा उरकायच्या, असा तो क्रम असतो. माझे आग्रहाचे सांगणे असे की गोम्पांचे दिवस आधी ठेवावेत. त्या दिवसांत शरीराला विरळ हवेची सवय होते आणि डोळ्यांना पुढे काय पाहायचे आहे याची ओळख होते. दोन्हींसाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे, नांदेड त्याहूनही खाली. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि मार्खा खोऱ्याच्या शेवटी येणारी कोंगमारू ला ही खिंड ५,२०० मीटरच्या आसपास आहे. हवेतील प्राणवायूचा वाटा सगळीकडे सारखाच, म्हणजे २१ टक्क्यांच्या जवळ असतो. कमी होतो तो हवेचा दाब. लेहमध्ये तो समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश उरतो आणि खिंडीत निम्म्याहून थोडाच अधिक. शरीर आधी श्वास वाढवते, मग मूत्रपिंडे रक्तातील आम्लतेचा तोल सावरतात, आणि या कामाला काही दिवस लागतातच. रोज दहा किलोमीटर धावणाऱ्या तरुणालाही यातून सूट नाही. उलट दम चांगला असलेली माणसेच पहिल्या दिवशी भराभर चालतात आणि दुसऱ्या दिवशी डोके धरून बसतात.

हंगाम मध्य जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना जूनमध्ये पेरणी सोडून निघता येत नाही आणि सप्टेंबरच्या शेवटी सोयाबीन काढणीला येते, त्यामुळे कोळपणी-खुरपणी आटोपल्यावरचा ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य हा काळ आपल्याला सोयीचा पडतो. वाटेच्या दृष्टीनेही तोच उत्तम आहे, कारण जुलै आणि ऑगस्टच्या पूर्वार्धात बर्फ वितळून मार्खा नदीचे पाणी दुपारी चढते, तर सप्टेंबरमध्ये ते ओसरलेले असते. लडाख पर्जन्यछायेत असला तरी पावसाला पूर्ण पारखा नाही. ६ ऑगस्ट २०१० च्या पहाटे लेहवर झालेल्या ढगफुटीत शेकडो माणसे दगावली. म्हणून कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू कोणी ठोकू लागला, तर ते तिथल्या तिथे थांबवावे.

निघण्यापूर्वी दोन-तीन महिने

चालण्याचा सराव सपाट रस्त्यावर होत नाही. दौलताबादच्या किल्ल्याच्या पायऱ्या, म्हैसमाळचा चढ, कन्नडजवळचा गौताळा, धाराशिव-बीडकडच्या लोकांना बालाघाटाच्या टेकड्या, नांदेडकरांना माहूरचा गड, अशा जागा आपल्या आसपास आहेत. पाठीवर सात-आठ किलो वजन घेऊन आठवड्यातून दोनदा चढावे आणि तितक्याच लक्षपूर्वक उतरावे. गुडघे बिघडतात ते बहुधा उतारावर. मार्खाच्या वाटेसाठी घेतलेले बूट या सरावातच घालून मऊ करावेत. कोरे बूट घालून लेहला उतरण्यासारखा घातक उत्साह दुसरा नाही.

डॉक्टरांकडे जाणे टाळू नये. रक्तदाब आणि मधुमेह असलेल्यांनी औषधे प्रवासात चालूच ठेवावीत, पण मात्रेबद्दल आधी विचारून घ्यावे. इन्सुलिन गोठले की निकामी होते, म्हणून रात्री ते अंगाजवळ ठेवावे लागते. किनवट-माहूरकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तिकडे काही समाजांत सिकलसेलचा दोष आढळतो, आणि हा दोष नुसता वाहक स्वरूपात असला, माणूस आयुष्यभर ठणठणीत असला, तरी फार उंचीवर प्लीहेचा रक्तपुरवठा अडून पोटात डाव्या बाजूला तीव्र वेदना होण्याचा धोका असतो. साध्या रक्ततपासणीत हे कळते, म्हणून तपासणी करून घ्यावी. उंचीचा त्रास टाळण्यासाठी दिली जाणारी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी चढण्याच्या आदल्या दिवसापासून घेतात. तिने बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये. ती शरीराला सवय लावायला मदत करते, पण विश्रांतीच्या दिवसांची जागा घेऊ शकत नाही.

याच काळात अजिंठा, वेरूळ आणि छत्रपती संभाजीनगरची लेणी नव्याने पाहावीत, असे मला कळकळीने वाटते. लहानपणी शाळेच्या सहलीत पाहिलेली लेणी हा अभ्यास नव्हे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या व्हरांड्यात डाव्या टोकाच्या भिंतीवर भवचक्राचा एक तुटका भाग शिल्लक आहे. बरेच लोक तो न पाहताच आत शिरतात. लडाखच्या कोणत्याही मोठ्या गोम्पात प्रार्थनागृहाच्या दाराबाहेर हेच चक्र पूर्ण, ठसठशीत रंगांत काढलेले असते: यमाच्या दातांत आणि नखांत धरलेले वर्तुळ, मध्यभागी एकमेकांचे शेपूट धरलेले डुक्कर, कोंबडा आणि साप, म्हणजे मोह, लोभ आणि द्वेष. आपल्याकडच्या तुकड्यात काय हरवले आहे ते तिथे दिसते, आणि तिथली प्रथा किती जुनी आहे ते इथे कळते. वेरूळच्या बाराव्या, तीन ताल लेण्यात मध्ये बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व असे नऊ चौकटींचे शिल्पपट आहेत; लडाखमध्ये भिंतभर दिसणाऱ्या मंडलांचे ते जुने नातलग आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या सातव्या लेण्याच्या दाराशी करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर आग, बुडते जहाज, सिंह, साप, हत्ती अशा आठ संकटांतून वाटसरूंना सोडवताना कोरला आहे. प्रवासाला निघणाऱ्याने पाहावे असेच ते शिल्प आहे. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, तेवढे ध्यानात ठेवून दोन सलग दिवस काढावेत.

प्रवास आणि लेहमधील पहिले दिवस

नांदेड, परभणी, जालना आणि छत्रपती संभाजीनगर या मार्गावरच्यांना सचखंड एक्स्प्रेसने थेट दिल्ली गाठता येते. लातूर-धाराशिवकरांना पुणे किंवा हैदराबादहून जाणे सोपे पडते. दिल्लीहून लेहचे विमान सव्वा तासाच्या आसपास घेते आणि बहुतेक विमाने सकाळीच असतात. विमानाने गेल्यास शरीराला कसलीच पूर्वसूचना मिळत नाही, म्हणून लेहमधील पहिले दोन दिवस राखूनच ठेवावे लागतात. रस्त्याने जायचे असेल तर श्रीनगर-कारगिल मार्ग मनालीच्या मार्गापेक्षा मला अधिक सुरक्षित वाटतो. कारगिल सुमारे २,७०० मीटरवर आहे आणि तिथला मुक्काम अंगाला मानवतो. मनालीच्या वाटेवर मात्र अनेक गाड्या प्रवाशांना सुमारे ४,३०० मीटरवरच्या सरचूला झोपवतात, आणि तिथे रात्री डोके फुटायची वेळ आलेल्या माणसाला जवळपास धड उपचार मिळत नाहीत. मनालीने जाणे भागच असेल, तर जिस्पाला मुक्काम मागून घ्यावा.

लेहमधील पहिला दिवस झोपून, पाणी पिऊन आणि अंगणात बसून काढावा. दुसऱ्या दिवशी बाजारापर्यंत सावकाश चालावे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण वर्ज्य. मोबाइलसाठी पोस्टपेड सिम हवे, कारण बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. आणि खोऱ्यात शिरल्यावर तेही बहुतेक ठिकाणी उपयोगी पडत नाही. पुरेशी रोख रक्कम लेहमध्येच काढून घ्यावी.

तिसऱ्या दिवशी सिंधू नदीच्या काठाने शे आणि थिकसे येथील गोम्पा पाहाव्यात. थिकसेला पहाटे पोहोचता आले तर फारच चांगले, कारण सकाळच्या प्रार्थनेला पाहुण्यांना भिंतीलगत बसू देतात. छोटे श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, जड किटल्या घेऊन ओळींतून धावत लोण्याचा खारट चहा वाढतात आणि त्या गडबडीतही पठणाची लय सुटत नाही. भावी बुद्ध मैत्रेयाची सुमारे १५ मीटर उंच मूर्ती इथेच आहे. ती दोन मजले व्यापते आणि दर्शन वरच्या मजल्यावरून, तिच्या मुखासमोर उभे राहून घ्यायचे असते. इथल्या पायऱ्या चढताना किती धाप लागते त्यावरून आपली तयारी कितपत झाली ते प्रत्येकाला आपोआप कळते.

चौथा दिवस आल्ची गावच्या जुन्या मंदिरांसाठी पूर्ण द्यावा. लेहपासून ते सत्तर किलोमीटरच्या आत आहे आणि उंचीला लेहपेक्षा काहीसे खाली, त्यामुळे अंगाला विसावा मिळतो. सुमारे अकराव्या-बाराव्या शतकातील ही मंदिरे बाहेरून साधी, मातीची दिसतात. सुमत्सेक या तीन मजली मंदिराच्या आत अवलोकितेश्वर, मैत्रेय आणि मंजुश्री यांच्या मातीच्या उंच मूर्ती तीन कोनाड्यांत उभ्या आहेत, आणि त्यांच्या धोतरांवर चित्रे आहेत: अवलोकितेश्वराच्या धोतरावर मंदिरे आणि राजवाडे, मैत्रेयाच्या धोतरावर बुद्धचरित्र, मंजुश्रीच्या धोतरावर महासिद्ध, म्हणजे तांत्रिक परंपरेतील सिद्धपुरुष. काश्मिरी चित्रकारांचा तो हात आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी नुकताच पाहून आलेल्या माणसाला त्या बोटांची ठेवण आणि झुकलेली मान ओळखीची वाटते. आत छायाचित्रणाला बंदी आहे आणि प्रकाश मंद असतो; डोळे सरावेपर्यंत दहा मिनिटे नुसते उभे राहावे, मग एकेक आकृती उजेडात येते. त्याच दिवशी पुढची लामायुरू गोम्पाही 'मारून' येण्याचा आग्रह गाडीवाले धरतात. तो मोडून काढावा.

प्रत्यक्ष वाट

मोटारीचा रस्ता आता चिलिंग गावाच्याही पुढे खोऱ्यात गेला आहे आणि थेट वरच्या गावापर्यंत गाडीने सोडण्याची तयारी काही सहलवाले दाखवतात. दिवस वाचतो हे खरे, पण सवयीचे दिवसही तेवढेच कापले जातात. खोऱ्यातले स्किऊ गाव सुमारे ३,४०० मीटरवर आहे. तिथून चालत मार्खा गाव, म्हणजे सुमारे ३,८०० मीटर, दोन दिवसांत गाठावे. मार्खाच्या पुढे डाव्या-उजव्या कड्यांवर लक्ष ठेवावे. तेचाची छोटी गोम्पा एका सुळक्यावर अशी चिकटलेली आहे की वाटाड्याने बोट दाखवल्याखेरीज ती दिसत नाही. खडा चढ चढून वर जावे, किल्ली सांभाळणारा भिक्खू असला तर दार उघडते.

हानकर सुमारे ४,००० मीटरवर आणि निमालिंगचे कुरण सुमारे ४,७०० ते ४,८००. ही एका दिवसातली उडी अनेक वेळापत्रकांत असते आणि तीच मला सर्वांत आक्षेपार्ह वाटते. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस घ्यावा, असा सर्वमान्य नियम आहे. म्हणून मध्ये थाचुंगत्से येथे, सुमारे ४,२५० मीटरवर, एक रात्र तंबूत काढावी आणि शक्य असेल तर निमालिंगलाही दोन रात्री थांबावे. निमालिंगला मेंढपाळांचे तळ, बिळांतून डोकावणारे मार्मोट (खारीच्या कुळातले गुबगुबीत प्राणी) आणि समोर कांग यात्सेचे सुमारे ६,४०० मीटरचे हिमशिखर असते, त्यामुळे तो दिवस वाया गेला असे कोणालाही वाटत नाही. रात्री मात्र ऑगस्टमध्येही पाणी गोठते.

नदी ओलांडण्याची वेळ सकाळची ठेवावी. पट्ट्याचे सँडल घालावेत, अनवाणी उतरू नये. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवावा, म्हणजे पाय घसरल्यास ओझे झटकन टाकता येते. प्रवाहाकडे तोंड करून, एकमेकांचे दंड धरून, तिरके सरकत जावे. पाणी गुडघ्यावर गेले की वाटाड्याचा शब्द शेवटचा.

खिंडीच्या दिवशी पहाटेच निघून दुपारपूर्वी माथा ओलांडावा. उतार अरुंद घळीतून शांग सुमदोकडे येतो, ओढा पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो, आणि दमलेले पाय इथेच चुकतात. म्हणून उतारावर दर तासाला बसून काहीतरी खावे.

वाटाड्या कसा निवडावा

नोंदणीकृत आणि शक्यतो लडाखीच वाटाड्या घ्यावा. गोम्पाचे दार, घराचा उंबरठा आणि ओढ्याचा स्वभाव या तिन्हींची माहिती त्याच्याकडे असते. पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. एखादा माणूस आजारी पडला तर त्याला खाली घेऊन जायला दुसरा जाणकार माणूस सोबत आहे का? प्राणवायूचा सिलिंडर सोबत असतो का, आणि तो वापरायला कोणाला येतो? घोडेवाल्याची मजुरी आणि विमा कोण भरते? वेळापत्रकात एक दिवस मोकळा आहे का? शेवटच्या प्रश्नाला नाही असे उत्तर आले, तर दर कितीही स्वस्त असला तरी ती सहल सोडून द्यावी.

उंचीच्या आजाराची लक्षणे प्रत्येकाला पाठ हवीत, फक्त वाटाड्याला नव्हे. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे ही पहिली पायरी. अशा वेळी आणखी वर चढायचे नाही. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे, सतत खोकला, छातीत घरघर ही फुप्फुसांत पाणी साचल्याची खूण आहे. बोलण्यात गोंधळ होणे आणि सरळ रेषेत पावले न पडणे ही मेंदूला सूज आल्याची. शेवटच्या दोन्हींवर उपाय एकच, त्याच क्षणी खाली उतरवणे, मग मध्यरात्र का असेना. रक्तातील प्राणवायू मोजण्यासाठी बोटाला लावायच्या यंत्रातला आकडा लेहमध्ये नव्वदीच्या आत दिसणे नवलाचे नाही. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावे. आपल्याकडे त्रास अंगावर काढण्याची आणि 'इतरांना माझ्यामुळे अडचण नको' म्हणून गप्प बसण्याची सवय फार आहे, विशेषतः वयस्क मंडळींत आणि स्त्रियांत. म्हणून रोज संध्याकाळी गटप्रमुखाने प्रत्येकाला जवळ बसून विचारावे. काकूंनी 'मी बरी आहे' म्हटले तरी त्यांनी किती खाल्ले, ते पाहावे.

घरात, गोम्पात, वाटेवर

स्तूप आणि मणिशिला रचलेल्या भिंती वाटेत वारंवार येतात. त्या नेहमी आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचे असते. अजिंठ्याच्या दहाव्या किंवा एकोणिसाव्या लेण्यात खांबांमागून स्तूपाला प्रदक्षिणा घातलेल्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. मंत्र कोरलेला दगड आठवण म्हणून पिशवीत घालणे मात्र चोरीच आहे.

मराठवाड्यात बौद्ध घरे फार आहेत, आणि बाबासाहेबांनी दिलेल्या धम्माच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला गोम्पातील उग्र रक्षकदेवता, मुखवटे आणि तांत्रिक विधी पाहून प्रश्न पडणे साहजिक आहे. ते प्रश्न वाटाड्याला किंवा वृद्ध भिक्खूंना जरूर विचारावेत. पठण संपल्यावर, शांतपणे. लडाखची परंपरा वज्रयानाची आहे, तिचा मार्ग वेगळा आहे, आणि तिथल्या माणसांनी ती शतकानुशतके जिवापाड जपली आहे. त्रिशरण दोन्हीकडे आहे, तिथून संवाद सुरू करता येतो. दर्शनाला जाताना टोपी आणि बूट काढावेत, मूर्तीकडे पाय करून बसू नये, आणि दानपेटीत यथाशक्ती टाकावे.

गावातील घरांत पाळीपाळीने पाहुणे ठेवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. त्यामुळे 'दुसरे घर मोठे आहे, तिकडे जाऊ' असा हट्ट धरू नये. मुक्काम बहुधा स्वयंपाकघरातच रंगतो. चुलीच्या मागे फळ्यांवर तांब्या-पितळेची भांडी चकचकीत मांडलेली असतात आणि यजमानीण बाई स्क्यू किंवा थुक्पा, म्हणजे कणकेचे तुकडे किंवा शेवया घातलेला रस्सा, करते. मुलांना चॉकलेट वाटण्यापेक्षा यजमानिणीला कणीक मळायला मदत करावी. शौचालय कोरडे असते, वापरून झाल्यावर माती टाकायची. हा सगळा भाग १९८१ साली स्थापन झालेल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात येतो आणि इथे हिमबिबट्याचा वावर आहे, तेव्हा प्लॅस्टिकचा प्रत्येक तुकडा लेहला परत आणावा.

घरचे खाणे थोडे सोबत असावे. निमालिंगला पाणी सुमारे ८५ अंशांनाच उकळते, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही आणि भूकही मंदावते. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे आणि सातूचे पीठ यांवर तोंडाला चव येते, आणि यांतले काहीही बिघडत नाही.

शांग सुमदोला उतरल्यावर हेमिस मोटारीने गाठावे आणि घाई न करता पाहावे. सतराव्या शतकात सेंगे नामग्याल राजाच्या आश्रयाने वाढलेला हा तिबेटी बौद्ध धर्मातील द्रुक्पा परंपरेचा मठ आहे. जून किंवा जुलैमध्ये येणाऱ्या त्याच्या उत्सवात भिक्खूंचे मुखवटानृत्य होते. तिथीप्रमाणे तारीख दरवर्षी बदलते, म्हणून त्यासाठी जायचे असेल तर आधी चौकशी करावी. दर १२ वर्षांनी उलगडला जाणारा महाथांका, म्हणजे कापडावरचे भव्य धार्मिक चित्र, २०१६ साली दाखवला गेला, त्या हिशोबाने पुढचा योग २०२८ चा.

खोऱ्यातून बाहेर पडल्यावर लेहमध्ये दोन रात्री हाताशी ठेवाव्यात. हवामानामुळे सकाळचे विमान रद्द झाले की पुढच्या विमानांत लगेच जागा मिळत नाही, आणि दिल्लीहून निघणाऱ्या गाडीचे आरक्षण तर थांबत नसते. घोडेवाल्याचे आणि वाटाड्याचे बक्षीस गटाने मिळून, पाकिटात घालून, ज्याचे त्याच्या हातात द्यावे. परतीचे रेल्वे आरक्षण लेहहून निघण्याच्या ठरलेल्या दिवसानंतर किमान दोन दिवसांनीच करावे.